अलाइनमेंटनंतरही गाडी डावीकडे ओढते : दोन वर्षांची मुदत आणि कॅस्टरचा रिकामा रकाना

प्रश्न : पावसाळ्यात गाडीचे पुढचे डावे चाक खड्ड्यात जोरात आदळले. त्यानंतर पुढचे दोन्ही टायर नवे घेतले आणि आठवड्याभराने अधिकृत सेवा केंद्रात व्हील अलाइनमेंट करून घेतले. तेव्हापासून स्टेअरिंग सैल सोडले की गाडी डावीकडे ओढते. पाच वेळा गाडी नेली. केंद्र टायरवाल्याकडे बोट दाखवते, टायरवाला केंद्राकडे, आणि ‘कंपनीचे तंत्रज्ञ येऊन पाहतील’ असे व्हॉट्सॲपवर कळवले जाते. गाडी बदलून मिळण्यासाठी दावा करता येईल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : पावसाळा ओसरला की अशा आशयाची पत्रे येऊ लागतात, आणि त्यांतील बहुतेकांना भरपाई किती मिळेल हे जाणून घ्यायचे असते, मुदत किती उरली आहे हे क्वचितच कोणी विचारतो. तुम्ही पाठवलेल्या पहिल्या जॉबकार्डवरील तारीख पाहता दोन वर्षे पूर्ण व्हायला जेमतेम सात आठवडे उरले आहेत, आणि टायरचे बिल त्याहून आठवडाभर जुने असल्याने टायरविक्रेत्याविरुद्धची मुदत त्याआधीच संपते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली नाही, तर ग्राहक आयोगाला ती दाखल करून घेता येत नाही. तुमच्या प्रकरणात सगळे या एका कलमावर अवलंबून आहे.

‘तंत्रज्ञ येतील’ या संदेशांमुळे मुदत थांबली, अशी तुमची समजूत पत्रावरून दिसते. ती चुकीची आहे. नुसत्या पत्रव्यवहाराने, स्मरणपत्रांनी किंवा वकिलाच्या नोटिशीने मुदत वाढत नाही, ही बाब निकालांतून वारंवार स्पष्ट झालेली आहे. पुरेसे कारण दाखवल्यास विलंब माफ करण्याचा अधिकार आयोगाला आहे हे खरे. परंतु हाती सात आठवडे असताना विलंबमाफीच्या अर्जाच्या भरवशावर राहणे म्हणजे सामनेवाल्याला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला, पहिला मुद्दा आपणहून देणे होय. प्रत्येक भेटीत दोष दूर न करणे हे तक्रारीचे नवे कारण ठरते, असाही युक्तिवाद करता येईल; तो कधी मान्य होतो, कधी होत नाही, म्हणून त्यावर विसंबू नये.

या सात आठवड्यांत गाडी का ओढते याचे लेखी निदान तुमच्या हाती असले पाहिजे, कारण सामनेवाला कोण हे त्या निदानावरून ठरणार आहे. दोष टायरमध्ये असेल तर टायरविक्रेता आणि टायर कंपनी, अलाइनमेंटच्या कामात असेल तर सेवा केंद्र, आणि खड्ड्यामुळे एखादा भाग वाकला असेल तर मूळ नुकसान कोणाच्याच माथी मारता येत नाही. मात्र तो वाकलेला भाग पाच भेटींत न ओळखणे ही सेवेतील त्रुटी ठरू शकते. टायरविक्रेता आणि सेवा केंद्र या दोघांनाही सामनेवाले करून तक्रार दाखल करता येते आणि मी तेच सुचवीन. तरीही त्रुटी सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एसजीएस इंडिया प्रकरणात स्पष्ट केले आहे, आणि निदान नसेल तर आयोगापुढेही हे दोघे एकमेकांकडेच बोट दाखवत राहतील.

मी अभियंता नाही. परंतु अशा प्रकरणांचे कागद वाचून जे समजते ते सांगतो. पहिली चाचणी सपाट रस्त्यावर, चारही टायरांतील हवा कंपनीने दिलेल्या प्रमाणात भरून व्हायला हवी, कारण आपल्याकडचे रस्ते मधून उंच आणि कडेला उतरते असतात आणि डाव्या बाजूने चालणारी गाडी त्या उताराने थोडी डावीकडे झुकतेच. सामनेवाल्याचे वकील हा मुद्दा हमखास काढतात. त्यानंतर पुढची दोन चाके आपसांत बदलून पाहावीत. ओढ उजवीकडे गेली तर दोष बहुधा टायरच्या बांधणीत आहे, आणि ती डावीकडेच राहिली तर टायर निर्दोष मानून पुढे जाता येते. टायर एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेले असतील, तर ही अदलाबदल करण्यापूर्वी जाणकाराला विचारावे. डाव्या चाकाचा ब्रेक अडकून राहतो का, हेही पाहावे. थोडे अंतर चालवल्यावर ते चाक उजव्यापेक्षा स्पष्टपणे अधिक तापत असेल, तर ती वेगळी दुरुस्ती आहे.

तुमच्या कागदांतील खरी गोष्ट मात्र वेगळीच आहे, आणि ती तुमच्या नजरेतून सुटलेली दिसते. अलाइनमेंटच्या यंत्राचा छापील अहवाल तुम्हाला पाचपैकी एकाच भेटीत मिळाला. त्यात ‘टो’चे, म्हणजे चाकांची पुढची टोके किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत त्याचे, आकडे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे व्यवस्थित आहेत, परंतु कॅस्टरचा, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळते तो किती मागे कललेला आहे त्याचा, रकाना दोन्ही बाजूंना रिकामा आहे. टो बिघडला तर टायर झिजतात आणि सरळ रस्त्यावर स्टेअरिंग वाकडे दिसते. गाडी एका बाजूला सतत ओढण्याचे ते सहसा कारण नसते. ती ओढ दोन चाकांच्या कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) किंवा कॅस्टरमधील फरकाने येते, आणि ज्या बाजूचा कॅस्टर कमी झाला असेल त्या बाजूला गाडी जाते. खड्ड्याच्या धक्क्याने डावे चाक मागे ढकलले जाऊन लोअर आर्म (चाकाला सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) किंवा त्याचा बुश (सांध्यातील रबरी भाग) सरकला, तर नेमके हेच घडते. कॅस्टर मोजण्यासाठी स्टेअरिंग दोन्ही बाजूंना ठरावीक अंशांत वळवावे लागते. घाईच्या कामात ही पायरी गाळली जाते आणि रकाना कोरा राहतो. शिवाय अनेक छोट्या गाड्यांत कॅम्बर आणि कॅस्टर जुळवण्याची सोयच नसते, म्हणजे आकडा चुकला असेल तर भाग बदलल्याखेरीज तो सुधारत नाही, आणि पाच वेळा टो जुळवून ओढ जाणार नव्हती.

तेव्हा या आठवड्यात सेवा केंद्राला ईमेलने आणि रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवून पाचही भेटींचे यंत्राचे अहवाल मागा आणि कॅस्टर मोजला होता का, असा स्पष्ट प्रश्न विचारा. कलम २ (११) मधील त्रुटीच्या व्याख्येत ग्राहकापासून संबंधित माहिती हेतुपुरस्सर दडवणे हेही येते. उत्तर आले नाही, तर ते मौन तक्रारीत मांडता येईल. त्याच आठवड्यात एखाद्या परवानाधारक मोटार सर्वेक्षकाकडून किंवा तंत्रनिकेतनातील ऑटोमोबाइलच्या प्राध्यापकाकडून तपासणी करून घ्या आणि त्यांचा अहवाल शपथपत्रासह घ्या. टायरचा दोष निघाला, तर आयोग कलम ३८ खाली तो प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो आणि खर्च तुम्हाला भरावा लागू शकतो. म्हणून ते टायर मोडीत देऊ नका. जुने टायर तुम्ही त्याच दुकानात बदली देऊन टाकले आहेत. खड्ड्याच्या धक्क्याची खूण त्यांवर असती आणि ती आज उपयोगी पडली असती. आता त्यावर बोलून उपयोग नाही.

तपासणीपूर्वी बाहेर दुरुस्ती करू नका, आणि तपासणी झाल्यावर ती लांबवूही नका, कारण एका बाजूला ओढणारी गाडी घाटात चालवण्यासारखी नसते. काढलेला लोअर आर्म किंवा बुश फोटो काढून, बिलावर नोंद करून स्वतःकडे ठेवा. व्हॉट्सॲप संदेशांसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ (४) खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र जोडावे. आयोगापुढे पुराव्याचे नियम काटेकोरपणे लागू होत नसले, तरी ते जोडल्याने आक्षेपाला जागा उरत नाही. पाचही जॉबकार्डांवर ‘काम समाधानकारक’ या छापील ओळीखाली तुम्ही न वाचता सही केली आहे, हा मात्र मोठाच निष्काळजीपणा आहे. त्या सहीने हक्क संपत नाही, पण तुमच्या शपथपत्रात तिचे समाधानकारक स्पष्टीकरण द्यावे लागेल.

गाडी बदलून मिळणार नाही. निर्मितीतील दोष असतानाही सदोष भाग बदलून देणे इतकीच वॉरंटीची जबाबदारी असते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती उद्योगच्या प्रकरणात ठरवले होते, आणि तुमचा दोष तर निर्मितीतला नाहीच. पाच अलाइनमेंटचे पैसे, दुरुस्तीचा खर्च, तज्ज्ञाचे शुल्क, नव्या टायरांची अकाली झीज झाली असल्यास तिची किंमत आणि माफक मानसिक त्रास, एवढीच मागणी ठेवा. तक्रारीचे शुल्क दिलेल्या मोबदल्यावर ठरते; इथे मोबदला म्हणजे सेवेचे आणि टायरचे बिल, ते पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क लागत नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार चालते. बिलाच्या पाठीमागे दुसऱ्या शहराची न्यायकक्षा छापली आहे म्हणून घाबरू नका. विमा कंपनीकडे आता जाण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही, कारण अपघाताची सूचनाच दिलेली नाही.

नोटीस कायद्याने बंधनकारक नाही. द्यायचीच असेल तर पंधरा दिवसांची द्या आणि त्या काळात तक्रारीचा मसुदा तयार ठेवा. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून दाखल करता येते. सामनेवाल्याला आयोगाची नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, आणि चाचणी लागल्यास पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायद्यात लिहिलेले आहे. प्रत्यक्षात तारखा त्याहून फार लांब जातात, आणि निकालाची वाट पाहत दुरुस्ती अडवून ठेवू नका असे मी वर म्हटले ते त्यासाठीच. मधल्या काळात सेवा केंद्राने तुमच्या समक्ष कॅस्टर मोजून सदोष भाग विनामूल्य बदलण्याची आणि बिलांची रक्कम परत देण्याची तयारी दाखवली, तर ती जरूर स्वीकारा. मात्र तक्रार दाखल झाल्यानंतर, आयोगामार्फत होणाऱ्या मध्यस्थीत लेखी नोंद करून, व्हॉट्सॲपवर नव्हे.