धुरा, साखळी आणि ज्याचं त्याचं सत्य

वाचकांचे प्रश्न : उत्तरं देतोय एक निवृत्त भूकरमापक

प्रश्न : काका, मी नागपूरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय तत्त्वज्ञान. परवा झिरो माइलजवळ चहा पिताना मैत्रिणीशी वाजलं. मी म्हटलं, हा खांब म्हणजे भारताचा मध्यबिंदू. ती म्हणाली, "असेल तुझ्यापुरता. निरपेक्ष सत्य वगैरे काही नसतं, आइनस्टाइननंच सांगितलंय, सगळं सापेक्ष आहे." घरी बाबांना विचारलं, तर ते म्हणाले सत्य एकच असतं, आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. तुम्ही जन्मभर जमिनी मोजल्या. निरपेक्ष सत्य असतं का? कृपया गोष्ट न सांगता सरळ उत्तर द्या.
– एक विद्यार्थिनी, नंदनवन, नागपूर

उत्तर : बेटा, गोष्टीशिवाय मला उत्तर देता येत नाही, त्याबद्दल आधीच माफी.

आधी तुमचा खांब. विधानभवनाजवळचा हा दगड १९०७ सालचा, सर्वेक्षणवाल्यांनी उभारलेला. तो भारताचा मध्यबिंदू, हे नागपूरकर पाहुण्यांना सांगतात. मीही सांगत आलोय, जावयाला तर दोनदा. पण कुठल्या भारताचा? १९०७ च्या भारतात आजचा पाकिस्तान होता, बांगलादेश होता, ब्रह्मदेशसुद्धा होता. सीमा हलली की मध्य हलतो. शिवाय मध्य काढायचा कसा, बेटं धरायची की सोडायची, हे आधी ठरवावं लागतं. म्हणजे या मुद्द्यावर मैत्रीण जिंकली. तिला चहा पाजून टाक.

आता तिथलाच दुसरा आकडा घे. खांबाशेजारच्या षटकोनी दगडावर उंची कोरली आहे, समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट. हाही आकडा सापेक्षच, कारण समुद्र स्वतः एका जागी थांबत नाही, दिवसातून दोनदा वरखाली होतो. त्या काळी देशाच्या किनाऱ्यावर नऊ ठिकाणच्या भरती-ओहोटीच्या नोंदी धरून 'समुद्रसपाटी' ठरवली गेली. ती माणसांनी ठरवलेली गोष्ट, मान्य. पण एकदा ती ठरली, की मग आकडा कोणाचं ऐकत नाही. इंग्रज अधिकाऱ्यानं मोजा, कामठीच्या पोरानं मोजा, नीट मोजलं तर तेवढाच येणार. तुला आवडो न आवडो, सत्तेवर कोणीही असो. (तीन दशांशांपर्यंत फूट कोरणाऱ्याच्या आत्मविश्वासाचं मला कायम हसू येतं, ते सोड.)

मोजणीवाल्याच्या भाषेत सापेक्ष म्हणजे 'कुठून मोजलं ते सांग'. तुझी मैत्रीण त्याचा अर्थ 'ज्याला जे वाटेल ते' असा घेते. या दोहोंत नागपूर आणि नागालँडइतकं अंतर आहे.

जुन्या टोपोशीटवरचे, म्हणजे सर्वेक्षण खात्याच्या जुन्या नकाशावरचे, अक्षांश-रेखांश उचलून जसेच्या तसे मोबाइलच्या नकाशात टाकून बघ. शंभर मीटरपेक्षा जास्त भरकटशील. शीट खोटं नाही आणि मोबाइलही खोटा नाही. जुनी शीटं पृथ्वीचा एक आकार धरून केलेली, जॉर्ज एव्हरेस्ट या सर्वेक्षणातल्या साहेबाच्या नावाचा. मोबाइल दुसरा आकार धरतो. पण एकावरून दुसऱ्यावर जायचं गणित ठरलेलं आहे. ते केलं की दोघंही त्याच विहिरीच्या काठावर येऊन उभे राहतात. सगळं नुसतं ज्याचं त्याचं असतं, तर हे गणित जुळलंच नसतं.

आइनस्टाइनचंही तसंच. त्याच्या १९०५ च्या सिद्धांताचा पायाच असा, की निर्वातातला प्रकाशाचा वेग, सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर, मोजणारा उभा असो की पळत असो, सगळ्यांना सारखाच भरतो. वेळ आणि लांबी मोजणाऱ्यागणिक बदलतात, पण किती बदलतात याचा नियम मात्र सगळ्यांना एकच. त्या नावातल्या 'सापेक्ष' या एका शब्दावर गावोगावच्या वक्त्यांनी किती वर्षं पोट भरलं!

"सगळं सापेक्ष आहे हे वाक्य तरी सापेक्ष की निरपेक्ष?" असं विचारून तू मैत्रिणीला गप्प करू शकशील. वादविवाद स्पर्धेत बक्षीसही मिळेल. मी तो डाव खेळत नाही. त्यानं समोरचा फक्त चिडतो.

आता ती गोष्ट. १९८४ चा मे महिना. गावाचं नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती. दोन वावरांच्या मधल्या धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, भांडण. शेजाऱ्याच्या वावराच्या पलीकडच्या टोकाच्या जुन्या दगडापासून नकाशाप्रमाणे २४० मीटर मोजत यायचं आणि खूण टाकायची, एवढंच काम. ३० मीटरच्या लोखंडी साखळीनं आठ साखळ्या. ऊन असं, की कड्या हाताला चटका देत होत्या. खूण टाकली, पंचांच्या सह्या घेतल्या, निंबाखाली पाणी प्यायलो.

ज्याचं वावर कमी झालं तो म्हातारा उकिडवा बसून सगळं बघत होता. अंगठेबहाद्दर माणूस, वावर पेरणीच्या ओळींवर, म्हणजे तासांवर, मोजणारा. तो म्हणाला, "सायेब, माह्या वावरात तिफणीचे चाळीस फेरे बसते, एकशे वीस तासं. बापाच्या काळापासून. तुमच्या खुणेनं एक तास त्याच्याकडं जाते. तुमची साखयी खोटं बोलून रायली."

मी तेव्हा तिशीतला, सरकारी टोपी डोक्यात. म्हटलं, बाबा, साखळी खोटं बोलत नसते, रेकॉर्ड बघा. आणि जीपमध्ये बसलो.

पण ते एक तास डोक्यातून जाईना. ज्वारीच्या दोन तासांमधलं अंतर दीडेक फूट. म्हाताऱ्याला लबाडीच करायची असती, तर त्यानं दहा तासं सांगितली असती. एकच कशाला सांगेल? दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या आवारात प्रमाण लांबीच्या दोन खुणांमध्ये साखळी ताणली. आठ सेंटीमीटर लांब भरली. वर्षानुवर्षं ओढून ओढून कड्यांची तोंडं उघडली होती. आठ साखळ्या गुणिले आठ सेंटीमीटर, चौसष्ट सेंटीमीटर. तेवढी माझी खूण म्हाताऱ्याच्या वावरात सरकलेली. म्हाताऱ्याचं एक तास, आणि वर थोडं.

दोन आठवड्यांनी परत गेलो, तर शेजाऱ्यानं माझ्या खुणेवर खड्डे खणून काटेरी तार आणून ठेवलेली. त्याला सगळं सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "सायेब, तवाची साखयी खरी का आताची? उद्या तिसरी आणसान, तवा मी काय करू?"

याला फालतू प्रश्न समजू नकोस. तुझी मैत्रीण विचारते तोच हा, फक्त काटेरी तारेसह. "ही साखळी तपासलेली आहे" एवढं म्हणणं पुरेसं नव्हतं, कारण तपासलेली हेही मीच सांगत होतो. मग त्याच्यासमोर त्याच्या दगडापासून पुन्हा मोजत आलो. नंतर म्हाताऱ्याच्या पलीकडच्या टोकापासून, उलट दिशेनं, नकाशातलं त्याचं अंतर मोजत आलो. दोन्ही खुणांमध्ये चार बोटांचंही अंतर नव्हतं. म्हाताऱ्याला तिथूनच तासं मोजायला लावली. शेजारी बराच वेळ त्या जागेकडं बघत राहिला, मग म्हणाला, "खड्डे बुजवाची मजुरी कोन देते?" मजुरी मी दिली. बारा रुपये.

आता तुझं सरळ उत्तर. आधाराशिवायचा आकडा मला आयुष्यात भेटला नाही, त्यामुळे कशाच्याही आधाराशिवाय हवेत लटकणारं निरपेक्ष सत्य दाखव म्हणशील, तर माझ्याकडं नाही. पण माझी साखळी चुकली. आणि चुकण्यासाठी साखळीच्या बाहेर, माझ्या मताच्या बाहेर काहीतरी असावं लागतं. त्याला निरपेक्ष म्हण, वस्तुस्थिती म्हण, म्हाताऱ्याचं वावर म्हण. ते मला पूर्ण कळलं असं मी कधीच म्हणणार नाही, पण त्यानं मला खोटं पाडलं आहे, सह्यांनिशी.

एव्हरेस्ट शिखराचंही बघ. १८५६ मध्ये जाहीर झालेली उंची २९,००२ फूट. १९५५ मध्ये आपल्या सर्वेक्षणानं ८,८४८ मीटर काढली, २०२० मध्ये नेपाळ आणि चीननं मिळून ८,८४८.८६ जाहीर केली. पहिला आकडा नऊएक मीटरनं कमी होता. दीडशेहून जास्त किलोमीटरवरून दुर्बिणीनं मोजलेला, तरी एवढाच चुकला! आणि देशाच्या या मोठ्या मोजणीची सुरुवात करणारा इंग्रज अधिकारी लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला, कबर तिथंच आहे. मैत्रिणीला घेऊन एकदा जाऊन ये. रेल्वेनं फार वेळ लागत नाही.

बाबांना माझा नमस्कार. ते बरोबर आहेत, फक्त त्यांनी पेपर खाली ठेवायला हवा होता.

प्रश्न : महोदय, आपल्या रामटेकजवळ नागार्जुनाच्या नावाची टेकडी आहे. त्या महान बौद्ध आचार्यांनी सर्व काही शून्य आहे असे सांगितले. मग आपल्यासारख्यांनी हद्दी आणि खुणांना खरे मानणे हे अज्ञान नव्हे काय?
– एक निवृत्त शिक्षक, रामटेक

उत्तर : गुरुजी, या विषयात तुमचा अधिकार मोठा, मी आपला साखळी ओढणारा. पण माझ्या समजुतीप्रमाणे नागार्जुनाचं शून्य म्हणजे 'नाही' असं नव्हे. कुठल्याही वस्तूला दुसऱ्या कशाच्या आधाराशिवाय स्वतःचा असा स्वभाव नाही, एवढं तो म्हणतो. धुरा हे त्याचं झकास उदाहरण झालं असतं. दोन वावरं आहेत म्हणून धुरा आहे. एकानं दुसऱ्याचं वावर विकत घेतलं की धुरा गेला, नांगराच्या एका फेऱ्यात. पण तो होता तोवर खोटा नव्हता. बैल ओलांडून गेला की डोकी फुटतच होती.

आणि त्यानंच तर दोन सत्यं सांगितली, व्यवहारातलं आणि परमार्थाचं. व्यवहाराचा आधार घेतल्याशिवाय परमार्थ शिकवता येत नाही, असंही तोच म्हणतो. तेव्हा मोजणीवाल्यांना त्यानं खालच्या पायरीवर का होईना, जागा ठेवली आहे. अज्ञानी म्हणालात त्याचा राग नाही, बायको रोज म्हणते.

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ. वडिलांनी तोंडी वाटणी करून दिली होती. मला आठवते, वडील बोरीच्या झाडापर्यंत म्हणाले. भाऊ शपथेवर सांगतो, विहिरीपर्यंत म्हणाले. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही असे मला मनापासून वाटते. मग खरे काय धरायचे?
– एक शेतकरी, उमरेड तालुका

उत्तर : वडील काय म्हणाले हे मला मोजता येत नाही. ते काहीतरी एकच म्हणाले असतील, एवढं नक्की. किंवा दोन वेगवेगळ्या दिवशी दोन गोष्टी म्हणाले असतील. आमच्या वडिलांनी असंच केलं होतं, आणि आम्हा भावांचं बोलणं सहा वर्षं बंद होतं. दोघांच्या आठवणी प्रामाणिक असू शकतात, तरी त्यातली निदान एक चुकीची असू शकते. भावाला 'खोटारडा' म्हणू नका, 'चुकतोयस' म्हणा. शब्द बदलला की निदान जेवायला तरी एकत्र बसता येतं.

कागदावर येईपर्यंत ही वाटणी हवेतच राहील. दोघांनी आधी मिळून ठरवा, बोर की विहीर, की मधलं काही. मग संमतीनं रीतसर वाटणी नोंदवून घ्या, आणि त्यानंतरच मोजणीचा अर्ज करा. आधी अर्ज करून भूकरमापकाच्या अंगावर भांडण टाकू नका, त्याच्याकडं तुमच्या वडिलांचा आवाज नसतो. मोजणीच्या दिवशी दोघंही हजर राहा, लगतच्या खातेदारांनाही बोलवा, आणि मोजणाऱ्या पोराला मशीन तपासलेलं आहे का ते विचारा. त्याला राग आला तर येऊ द्या. मे महिना असेल तर पाण्याचा माठ झाडाखाली ठेवा, बोरीच्या नको, तिची सावली विरळ असते.