गनस्टॉक घडणीच्या खिशातल्या चाकूंमागे लोक एवढे का लागतात? नवख्याने पहिला चाकू कोणता घ्यावा?

तुम्ही विचारलंय की घडीचे चाकू बाजारात ढिगाने मिळत असताना बंदुकीच्या दस्त्यासारख्या मुठीचे अमेरिकन चाकू जमवण्यात काय आहे, आणि सुरुवात कुठून करावी. मी नोकरीनिमित्त सहा वर्षं पिट्सबर्गला होतो, तिथे हा नाद लागला. आता पुण्यात आहे आणि नाद कायम आहे, म्हणून लिहितो.

आधी आकार बघा. बंदूक खांद्याला लावतो तेव्हा खांद्यावर टेकणारा दस्त्याचा भाग रुंद असतो आणि पुढे तो मनगटासारखा बारीक होतो. या चाकूची मूठही तशीच असते. एक टोक रुंद, आणि मग पायरी उतरावी तशी कड एकदम आत वळते. बंद चाकू साधारण तीन-साडेतीन इंचांचा. मुठीत धरला की ते वळण तळहातात बरोब्बर बसतं. फोटो कितीही पाहिले तरी ही गोष्ट कळत नाही.

माझ्या मते या घडणीची खरी किंमत तिच्या अवघडपणात आहे. घडीच्या चाकूत मधे पोलादी स्प्रिंग, तिच्या दोन्ही बाजूंना पितळी पत्र्याचं अस्तर, त्यावर हाडाच्या किंवा लाकडाच्या पट्ट्या आणि टोकाला जर्मन सिल्व्हरचा बोल्स्टर, म्हणजे धातूचं टोपण असतं. (हे जर्मन सिल्व्हर म्हणजे आपल्या भांड्यांतलंच. तांबं, निकेल आणि जस्त, चांदी अजिबात नाही.) हे सगळं घासून एका पातळीत आणायचं असतं. हाड भराभर झिजतं, पोलाद झिजत नाही. सरळ मुठीवर हे जमून जातं. गनस्टॉकच्या वळणावर मात्र हात जरासा जास्त दाबला गेला की हाड खोल जातं, स्प्रिंग वर राहते आणि पायरीची धार मरते. म्हणून चाकू हातात आला की मी पातं उघडण्याआधी त्या वळणावरून अंगठा फिरवतो. कुठे काही अडकलं नाही तर समजावं, करणारा जाणता होता.

नंतर कानाची परीक्षा. या चाकूंना खटका किंवा कुलूप नसतं. पात्याच्या बुडावर स्प्रिंगचा दाब असतो, तेवढ्यावर ते उघडं किंवा बंद राहतं. चांगल्या चाकूचं पातं शेवटच्या टप्प्यात स्वतःहून ओढलं जातं आणि ‘खट्’ असा कोरडा, भरीव आवाज येतो. आवाज पोकळ असेल किंवा पातं आळसावल्यासारखं सरकत असेल तर स्प्रिंग थकली आहे. उघड्या पात्याला डावी-उजवीकडे हलवून पाहा, ते डुगडुगता कामा नये.

इतिहास थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या या धंद्याची मुळं इंग्लंडमधल्या शेफील्डला आहेत. तिथून आलेल्या कारागिरांच्या न्यूयॉर्क नाइफ कंपनीने १८५६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वॉल्डन या गावी बस्तान बसवलं. १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने बाहेरच्या मालावर जबर कर आला आणि अमेरिकन कारखान्यांचं फावलं. याच कायद्याने आयात मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं. त्यामुळे पात्याच्या बुडाशी नुसतं गावाचं नाव न राहता ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ असा ठसा दिसला, तर तो चाकू बहुधा त्यानंतरचा. पहिल्या महायुद्धानंतर बंदुकांची मागणी आटली तेव्हा रेमिंग्टनसारखी रायफल बनवणारी कंपनीसुद्धा खिशातले चाकू करू लागली.

ठसे वाचायला शिकणं हा या छंदातला माझा सर्वात लाडका भाग. पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डच्या ‘केस’ या चाकू बनवणाऱ्या कंपनीने १९७० पासून ठशाखाली दहा ठिपके दिले आणि दर वर्षी एक कमी केला. सात ठिपके म्हणजे १९७३. पात्याच्या बुडावरचा आकडाही बोलतो. पहिला अंक ६ असेल तर मूठ बहुधा नक्षी कोरलेल्या हाडाची, दुसरा अंक पात्यांची संख्या, उरलेला घडणीचा. ब्रॅडफर्डला झिप्पो (लायटरवाले) आणि केसचं संग्रहालय आहे, तिथे मी अख्खा दिवस घालवला. आमच्या केळकर संग्रहालयातले अडकित्ते बघताना लहानपणी असाच वेळेचा विसर पडायचा.

आता खरेदी. जुना चाकू घेताना पातं किती उरलंय ते आधी बघा. वर्षानुवर्षं धार लावून ते अरुंद होतं आणि बंद केल्यावर टोक मुठीत खोल बुडतं. अशा चाकूला पूर्ण किंमत देऊ नका. आणि चकाकणाऱ्या जुन्या चाकूपासून जपून. कार्बन पोलादावर फळं, कांदा कापून राखाडी-निळसर झाक चढते, ती त्याची उमर आहे. मशीनवर घासून ती उडवली की ठसाही पुसट होतो. नवा घ्यायचा तर पेनसिल्व्हेनियातल्याच टायटसव्हिलची ग्रेट ईस्टर्न कटलरी बघा. २००६ साली सुरू झालेली ही कंपनी जुन्या घडणी कार्बन पोलादात थोड्या थोड्या संख्येने काढते. माल काही मिनिटांत संपतो, मग तोच चढ्या भावाने फिरतो. त्या भावाला घेऊ नका, थांबा.

सेल्युलॉइडच्या मुठीचा चाकू मात्र नवख्याने टाळावाच. हे जुनं प्लॅस्टिक कुजायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ सुटते. मी असा एक चाकू बाकीच्यांबरोबर पत्र्याच्या डब्यात ठेवला होता. पावसाळ्यानंतर डबा उघडला तर शेजारचे तीन चाकू गंजाने खाल्लेले. त्यातला एक पिट्सबर्गच्या शेजारच्या आजोबांनी निघताना हातात ठेवला होता, त्याचं अजून वाईट वाटतं. कातडी म्यानातही कायमचे ठेवू नका, कातडं कमावताना वापरलेल्या द्रव्यांनी पितळ हिरवं पडतं. कापडात गुंडाळा आणि आपल्याकडच्या दमट हवेत महिन्याला एकदा मिनरल ऑइलचा हात फिरवा.

भारतात राहून मागवणार असाल तर सांबरशिंगाची मूठ नको. एकेकाळी शेफील्डला आणि अमेरिकेला हे शिंग इथूनच जायचं. नंतर निर्यात बंद झाली आणि वन्यजीव कायद्यामुळे अशा वस्तू बाळगणं हा इथे गुंतागुंतीचा मामला आहे. पहिल्या चाकूला लाकडी मूठ आणि एकच पातं पुरे. विक्रेत्याकडून चार फोटो मागा: पातं उघडं, पातं बंद, ठसा जवळून, आणि पाठीकडून स्प्रिंग. हा चौथा द्यायला जो टाळाटाळ करेल त्याच्याकडून घेऊ नका.