स्टोअरच्या मामांना आधी विचारा

प्रश्न : ताई, शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. पंप आणि ट्रॅक्टरसाठी लागणाऱ्या कास्टिंगचं (ओतीव भागांचं) मशीनिंग करून देतो. साठ माणसं, वर्षाची उलाढाल १४ कोटी. हिशेब टॅलीत, बाकीचं एक्सेलमध्ये आणि स्टोअरच्या मामांच्या डोक्यात. मुलगा इंजिनिअर होऊन पुण्याहून परत आलाय, तो ईआरपीसाठी (खरेदी, स्टोअर, उत्पादन, हिशेब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) मागे लागलाय. तीन कोटेशनं आलीत. त्यातला एक जण म्हणतो, तीन महिन्यांत तयारी करून १ एप्रिलला चालू करून देतो. मामा म्हणतात, ‘मग माझं काय काम?’ घ्यावं का?

उत्तर : घ्या. पण कोटेशनं टेबलाच्या खणात ठेवा आणि आधी मला एवढंच सांगा : आत्ता, या घडीला, तुमचे किती नग गेटच्या बाहेर आहेत? हीट ट्रीटमेंटला किती, ग्राइंडिंगवाल्याकडे किती, प्लेटिंगला किती? हे सांगायला मामांना फोन करावा लागत असेल, तर कामाला तिथूनच सुरुवात करायची.

मी कॉस्ट अकाउंटंट आहे, सॉफ्टवेअर विकत नाही, त्यामुळे कोणतं घ्या हे सांगणार नाही. पण आपल्या भागात ईआरपी अडतं ते बहुतेक वेळा जॉबवर्कच्या, म्हणजे बाहेर करून घ्यायच्या कामाच्या, डिलिव्हरी चलनावर. माल चलनावर जातो, चार हप्त्यांत परत येतो, दोन नग तिकडेच खराब होतात, आणि जुनं चलन कधी बंदच होत नाही. जीएसटीच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला दिलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत यावा लागतो किंवा तिथूनच विकला जावा लागतो. नाहीतर पाठवला त्या दिवशीच तो जॉबवर्करला विकला असं धरलं जातं. तुमची उलाढाल पाच कोटींच्या वर असल्यामुळे आयटीसी-०४ हा जॉबवर्कचा फॉर्म दर सहा महिन्यांनी भरावा लागतो, म्हणजे हा ताळमेळ तुम्हाला तसाही घालावाच लागतो. तो आत्ताच करा, कागदावर. उघडी चलनं तशीच नव्या सॉफ्टवेअरमध्ये भरलीत, तर पहिल्याच महिन्यात आकडे खोटे ठरतील आणि दोष सॉफ्टवेअरच्या माथी जाईल.

दुसरं काम आयटम मास्टरचं, म्हणजे सगळ्या वस्तूंच्या पक्क्या यादीचं, आणि इथे मामांशिवाय पान हलणार नाही. तुमच्या एक्सेलमध्ये ‘६२०५ बेअरिंग’, ‘बेअरिंग ६२०५’, ‘६२०५ झेडझेड’ आणि ‘६२०५ टू-आरएस’ अशा चार ओळी नक्की सापडतील. पहिल्या दोन एकच वस्तू. शेवटच्या दोन वेगळ्या, एकीला पत्र्याचं झाकण, दुसरीला रबराचं सील. मग नुसतं ‘६२०५’ लिहिलेलं कपाटात नेमकं कोणतं आहे? हे ना तुमच्या मुलाला ठाऊक, ना टाय लावून आलेल्या पोराला. मामांना ठाऊक आहे. त्यांना महिनाभर रोजच्या धावपळीतून मोकळं करा, शेजारी टायपिंग येणारा एक मुलगा द्या आणि यादी त्यांच्या सहीने पक्की करा. ‘माझं काय काम’ हा प्रश्न त्यांना पुन्हा पडणार नाही.

आता डेमो. विक्रेता रंगीत आलेख दाखवेल, ते बघून चहा प्या. नंतर त्याला तुमचाच एक पार्ट द्या आणि म्हणा, हा आमच्यासमोर सॉफ्टवेअरमधून फिरवून दाखव. फाउंड्रीचं, म्हणजे कास्टिंग ओतणाऱ्याचं, बिल किलोवर येतं, आपण मशीनवर इश्यू करतो नगावर. दोन ऑपरेशन आत, एक बाहेर. २०० नगांतले सहा रिजेक्ट : तीन ब्लोहोलमुळे (ओतकामात राहिलेली हवेची पोकळी), म्हणजे सीआर, कास्टिंग रिजेक्शन; तीन आपल्या ऑपरेटरने साइज घालवल्यामुळे, म्हणजे एमआर, मशीनिंग रिजेक्शन. सीआरची डेबिट नोट फाउंड्रीला कशी जाते? पण ब्लोहोल दुसऱ्या ऑपरेशनला उघडा पडला, तोवर आपली मजुरी त्यात गेलेली, ती कुणाकडून वसूल? बोरिंगचं, म्हणजे मशीनवर निघालेल्या चुऱ्याचं, वजन भंगारात कुठे दिसतं? एवढं त्याने त्याच दिवशी दाखवलं, तरच किमतीचं बोला. ‘ते कस्टमायझेशनमध्ये करून देऊ’ हे उत्तर आलं, तर त्याचा दर आणि तारीख लेखी घ्या. आणि किंमत विचाराल तेव्हा तीन वर्षांची विचारा : लायसन्स, बसवणी, एएमसी (वर्षाचा देखभाल करार) आणि बदलाचा दिवसाचा दर, सगळं धरून.

कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर आणखी एक. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं सक्तीचं आहे आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. काही विक्रेते ती ‘हवी तर बंद करता येते’ हे कौतुकाने सांगतात. अशांना नमस्कार करा.

राहिली १ एप्रिलची तारीख. हिशेबाला सोयीची, डिस्पॅचला घातक. मार्चअखेर तुमच्याकडे माल काढायची झुंबड असते, त्यात ओपनिंग स्टॉक मोजणार कोण? अमेरिकेतल्या हर्षी या चॉकलेट कंपनीने १९९९ च्या जुलैत सॅप हे ईआरपी आणि सोबत आणखी दोन प्रणाली एकदम चालू केल्या. चार वर्षांचं काम अडीच वर्षांत बसवलं होतं, आणि वर हॅलोविनच्या ऑर्डरी तोंडावर. सुमारे दहा कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेत पोचल्या नाहीत, त्या तिमाहीचा नफा १९ टक्क्यांनी घसरला. खर्च झाला होता ११ कोटी २० लाख डॉलर. एवढे पैसे असणाऱ्यांचं हे झालं. तुम्ही स्टोअर आणि जॉबवर्क कामाचा जोर कमी असलेल्या एखाद्या महिन्यात आधी चालवा. टॅली तोवर चालू दे, ती कुणाचं काही बिघडवत नाही.

प्रश्न : ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं) ईआरपी फुकट असतं म्हणे. मग पैसे का घालवायचे? (वाचक, भोसरी)

उत्तर : लायसन्स फुकट, माणूस फुकट नाही. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट मी छोट्या कारखान्यांत नीट चाललेलं पाहिलंय. सर्व्हर, बसवणी आणि अडलं तर धावून येणारा, या तिन्हींचे पैसे मोजायची तयारी असेल तर जरूर बघा.

प्रश्न : मी मिरजेत एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. ईआरपी येऊन वर्ष झालं, तरी सर रोज स्टॉक एक्सेलमध्येच मागतात, कारण ईआरपीत तो उणे दिसतो. दोन्हीकडे एंट्री करून जीव मेटाकुटीला आलाय.

उत्तर : सरांवर रागावू नका, उणे स्टॉकवर कोण विश्वास ठेवेल? बघा, उणे कुठे येतंय. बहुधा गाडी रात्री येते, गेटचं रजिस्टर दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात पोचतं, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) त्यानंतर. तोवर त्यातलाच माल वापरून डिस्पॅच झालेला असतो. म्हणून जीआरएन स्टोअरमध्येच, गाडी उतरताना व्हायला हवा. तिथे एक संगणक आणि रात्रपाळीला एंट्री करणारा माणूस लागेल, हे मालकांना सांगावं लागेल. उणे स्टॉकला परवानगी देणारी सेटिंग मात्र आज घाईने बंद करू नका. फिजिकल मोजणी न करता बंद केलीत तर बिलं अडतील, गाड्या उभ्या राहतील आणि शिव्या तुम्हाला बसतील.

आणि ‘आमचं एक्सेल जसं आहे तसंच सॉफ्टवेअरमध्ये करून द्या’ असं सर म्हणत असतील, तर त्यांना लिडलचं सांगा. या जर्मन दुकानसाखळीत माल खरेदीच्या भावाने धरायची पद्धत होती, सॅपची तयार प्रणाली विक्रीच्या भावाने धरत होती. पद्धत सोडायची नाही म्हणून प्रणालीच वाकवत राहिले, आणि २०१८ मध्ये सुमारे ५० कोटी युरो खर्चून काम सोडून दिलं.

तुम्ही सगळा स्टॉक घेऊन बसू नका. सर्वांत महागडे दहा आयटम निवडा, रविवारच्या सुट्टीत स्टोअरवाल्यासोबत मोजा, ईआरपीत दुरुस्त करा आणि पंधरा दिवस त्या दहांचीच एक्सेल एंट्री थांबवा, सरांना आधी सांगून. मोजणीला सरांना स्वतः उभं करता आलं तर फारच छान. आणि रविवारचा ओव्हरटाइम मागून घ्या.