ऑस्ट्रेलियन मोटरसायकल शर्यतपटू मिक डूहन मागचा ब्रेक पायाऐवजी अंगठ्याने का दाबायचा?

कारण त्याच्या उजव्या पायाच्या घोट्यात ब्रेकचा पेडल नीट दाबण्याइतकी हालचालच उरली नव्हती. १९९२ मध्ये नेदरलँड्सच्या आसेनला सरावात तो पडला, पाय मोडला आणि उपचारात गुंतागुंत होऊन पाय कापायची वेळ आली. इटालियन डॉक्टर क्लाउदिओ कोस्ता यांनी त्याला इटलीला हलवलं आणि रक्तपुरवठा टिकावा म्हणून उजवा पाय चक्क डाव्या पायाला जोडून शिवला! त्याच मोसमात तो परत शर्यतीत उतरला, पण विजेतेपद प्रतिस्पर्धी वेन रेनीकडे गेलं, फक्त ४ गुणांनी. मग होंडाच्या गाडीवर डाव्या हँडलला, अंगठ्याखाली येईल अशी ब्रेकची कळ बसवली. तीच घेऊन त्याने १९९४ ते १९९८ अशी सलग ५ वर्षं ५०० सीसीची जगज्जेतेपदं जिंकली. जुन्या शर्यतींच्या चित्रफितींत हँडलजवळची क्लोज-अप दृश्यं पाहा, ती कळ दिसते. एक लक्षात घ्या: आज मोटोजीपीत (मोटरसायकलींच्या सर्वोच्च जागतिक शर्यतींत) अंगठ्याचा ब्रेक वापरणारे सगळे जखमी नसतात. उजव्या वळणावर गाडी इतकी झुकते की पायाला पेडलपर्यंत पोचायला जागाच राहत नाही, म्हणूनही तो बसवतात.