वेबसाइट तीन भाषांत आहे, भाषांतर करणारे सगळे स्वयंसेवक. काम कसं सांभाळावं?

तुमची अडचण अशी की स्वयंसेवक पहिले पंधरा दिवस धडाक्यात काम करतात आणि मग फोनही उचलत नाहीत. मी जळगाव-धुळ्याकडच्या केळी उत्पादकांसाठी चालणारी एक छोटी वेबसाइट बघतो. मूळ मजकूर मराठीत, शिवाय अहिराणी, आणि बुऱ्हाणपूरकडच्या लोकांसाठी हिंदी. (रावेर-यावलकडची लेवा बोली राहूनच गेली, तिकडचे लोक त्यावरून अजून टोमणे मारतात.) माणसं येतात-जातात, त्याची आता सवय झाली. मला रडवलं ते शिळ्या भाषांतरांनी.

एका वर्षी फळपीक विम्याची मुदत वाढली. मी मराठी पानावर तारीख बदलली आणि मोकळा झालो. अहिराणी पान बघणारे गुरुजी तेव्हा पुण्याला मुलाकडे. अमळनेरकडच्या एका मावशींनी तिथली जुनी तारीख वाचली आणि मुदत गेली म्हणून गप्प बसल्या. आम्हाला कळलं तोवर वाढलेली मुदतही खरोखरच गेली होती. त्यांना काय तोंड दाखवणार?

तेव्हापासून तारखा, भाव, औषधाचं प्रमाण यांतलं काहीही भाषांतरकाराच्या हातात ठेवलेलं नाही. आकडा एकाच ठिकाणी भरायचा, तिन्ही भाषांच्या पानांत तो आपोआप जातो. प्रत्येक भाषांतराबरोबर ते मूळ पानाच्या कोणत्या आवृत्तीवरून केलंय त्याची नोंद राहते. मूळ पुढे गेलं की भाषांतराच्या डोक्यावर पिवळी पट्टी येते, ‘हे पान जुनं आहे, मराठी पान बघा’. वेबलेटसारख्या भाषांतरं सांभाळणाऱ्या मुक्त प्रणालीत मूळ वाक्य बदललं की भाषांतरावर तपासायची खूण लागते. व्हॉट्सअॅपवर फाइली फिरवत बसू नका, शेवटची कोणती हे कोणालाच सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट, नुसता शब्द भाषांतराला देऊ नका. आमच्या यादीत ‘कांदेबाग’ असा एकटाच शब्द होता. हिंदीवाल्या पोराने इमानेइतबारे ‘प्याज का बगीचा’ करून पाठवला! आता कांदेबाग म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराची केळीची लागवड, जून-जुलैची ती मृगबाग, हे भोपाळच्या कॉलेजातल्या पोराला कुठून कळणार? चूक माझीच. आता प्रत्येक शब्दाखाली एक ओळ समजूत आणि तो ज्या पानावर दिसतो त्याचा फोटो असतो.

अहिराणीत निराळीच गंमत. ‘आहे’साठी एकाच्या पानावर ‘शे’, दुसऱ्याच्या पानावर ‘से’. दोन्ही बरोबर, आपापल्या भागातले. वाद तीन आठवडे चालला. शेवटी ठरलं की एका पानात एकच रूप ठेवायचं, आणि ते पान लिहिणाऱ्याचं. पण वेबसाइटवरच्या शोधात ‘ऱ्हायना’ हा शब्द सापडेना. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो, खाली टिंब असलेल्या ऱ पासून किंवा साध्या र ला न दिसणारं जोडचिन्ह लावून. डोळ्यांना सारखाच दिसतो, संगणकाला मात्र वेगळा. जतन करतानाच सगळे एका रूपात बदलून घ्या. आणि पानाची भाषा मराठी अशी नोंदवायला विसरू नका, नाहीतर काही फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात.

राहिलं माणसं टिकवणं. भाषांतराखाली करणाऱ्याचं नाव द्या, पण त्याला विचारून. एका वेळी एकच पान सोपवा. प्रत्येक भाषेला किमान दोन माणसं हवीत, एक लिहिणारा, एक वाचणारा. परीक्षा आणि लग्नसराईत अपेक्षा कमी ठेवा. आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात तर कोणाला फोनच करू नका. मी एकदा केला होता. पलीकडून झोक्यावरची गाणी ऐकू आली आणि फोन कट झाला.