वाचक विचारतात : गल्लीचं प्रजासत्ताक करायचंय, कसं?

प्रश्न : लिथुआनियाच्या विल्नियस शहरात उझुपिस या जुन्या वस्तीनं स्वतःला स्वतंत्र जाहीर केलंय म्हणे. राजवाड्याजवळच्या आमच्या गल्लीत चार-दोन चित्रकार आणि एक नाटकमंडळी आहे. एक दिवसाचं तसंच काही करून संविधान भिंतीवर लावायचंय. काय सांभाळावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : उझुपिसमधल्या ज्यू रहिवाशांची दुसऱ्या महायुद्धात कत्तल झाली आणि सोव्हिएत काळात घरं मोडकळीला आली. स्वस्तात जागा मिळते म्हणून कलाकार शिरले आणि १ एप्रिल १९९७ला त्यांनी प्रजासत्ताक जाहीर केलं. तारखेतच थट्टा आहे. राष्ट्राध्यक्ष आहे, मंत्री आहेत, पण मान्यता कुठल्याच देशाची नाही. कायदा चालतो तो लिथुआनियाचाच.

लोक आजही बघायला जातात ते ४१ कलमांचं संविधान. पाउपिओ रस्त्याच्या भिंतीवर ते कितीतरी भाषांत लावलंय. कुत्र्याला कुत्रा असण्याचा हक्क आहे; माणसाला गरम पाणी, थंडीत ऊब आणि कौलारू छपराचा. पडक्या घरात राहणाऱ्यालाच असलं कलम सुचतं. तुम्हीही गल्लीतलंच लिहा : नळाची वेळ, दारात लावलेली परक्याची दुचाकी.

त्यांचं संविधान ज्यावर कोरलंय ते पत्रे आरशासारखे चकचकीत आहेत. ती नक्कल करू नका, एप्रिलच्या उन्हात अक्षर दिसणार नाही. ३०४ ग्रेडचा (न गंजणारा), दीड ते दोन मिलिमीटर जाडीचा, हेअरलाइन फिनिशचा, म्हणजे बारीक रेघांचा, न चमकणारा स्टीलचा पत्रा घ्या. अक्षराची उंची किमान १२ मिलिमीटर ठेवा. त्याहून बारीक कोरलं तर 'ष्ट', 'द्ध' अशी जोडाक्षरं आत भरलेल्या रंगानं बुजतात. जुन्या भिंतीचा चुना भुसभुशीत असतो. त्यात प्लॅस्टिक प्लग सैल होतो आणि फुगणारा बोल्ट ठोकला की पोपडा निघतो. म्हणून भोकं पक्क्या दगडात पाडा, केमिकल अँकर (भोकात भरून स्क्रू पक्का धरणारं चिकट रसायन) वापरा, भिंत आणि पत्र्यात १० मिलिमीटर फट सोडा. स्क्रूही स्टीलचेच हवेत. साध्या लोखंडाचे असतील तर पहिल्याच पावसाळ्यात तांबडे ओघळ येतात. घरमालकाची संमती लेखी घ्या.

परवानगीचं थोडक्यात : रस्ता अडणार असेल तर नगरपालिका आणि पोलीस, दोन्हीकडे आधी अर्ज. स्पीकर रात्री दहाला बंद. अशोकस्तंभ कशावरही छापू नका, खऱ्या नोटेसारखं दिसणारं 'चलन' तर अजिबात नको.

आणि नावात 'प्रतिसरकार' घालायचा मोह आवरा. १९४३ ते ४६मध्ये क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली या जिल्ह्यात जे चाललं त्यात गावोगावी न्यायनिवाडे होत, माणसं भूमिगत होती, तुरुंगात जात होती. ते गमतीचं राज्य नव्हतं. हलकंफुलकं नाव शोधा, सापडेल.

प्रश्न : उझुपिसला गेल्यावर पासपोर्टवर तिथला शिक्का मारून घ्यावा का?
– एक वाचक, कोरेगाव

उत्तर : नको. तो शिक्का हौसेचा आहे, सरकारी नाही. असल्या शिक्क्यावरून पुढच्या विमानतळावर अधिकारी हटकू शकतो, पासपोर्ट खराब केला असंही म्हणू शकतो. छोटी वही न्या आणि तिच्यावर घ्या. व्हिसा मात्र लिथुआनियाचा, म्हणजे शेंगेनचाच (युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकत्रित) लागतो. उझुपिसमध्ये शिरतानाच्या पुलावर वेगळं काही मागत नाहीत.