मुलगी सहावीत, राज्य मंडळात आहे. पुण्यातच राहून सीबीएसईला कधी घालावं?
सातवीला घाला, फार तर आठवीला. सीबीएसई नववीतच विद्यार्थ्यांची नोंदणी करते आणि नववी-दहावी हा सलग टप्पा धरते, म्हणून थेट दहावीत प्रवेश मिळणं अवघड जातं. मी इथे नववी-दहावीला गणित शिकवते. आपल्याकडे दहावीला बीजगणित आणि भूमितीचे ४०-४० गुणांचे दोन वेगळे पेपर, तिकडे ८० गुणांचा एकच. भूमितीच्या सिद्धतेतून एकदम बीजगणिताच्या गणितावर उडी मारायची सवय लागायला मुलांना वेळ लागतो, आणि तो त्यांना मिळायलाच हवा. मराठी सुटेल असं समजू नका. २०२०च्या कायद्याने ती राज्यातल्या सीबीएसई शाळांतही सक्तीची आहे. मात्र तुमची बदलीची नोकरी नसेल आणि मुलगी आहे तिथे रमली असेल, तर शाळा बदलायची घाई खरंच नको.